चॅप्टर ७ (दिवाळखोरी) करायचं ठरतंय, पण येणाऱ्या टॅक्स रिफंडचं काय होतं?

मोगरा_एडिसन (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आयडी नवा घेतलाय, कारण समजून घ्याल.

गेल्या वर्षी नवऱ्याची नोकरी गेली आणि त्याच काळात त्याच्या ऑपरेशनचं बिल आलं. इन्शुरन्सने बराच भाग नाकारला. घरखर्च कार्डांवर चालवला, आता कार्डांचे हप्तेही जात नाहीत. वकिलांशी पहिली भेट झाली, दोघांनी मिळून चॅप्टर ७ फाईल करावं असं त्यांचं मत आहे. आम्ही भाड्याच्या घरात राहतो, एक जुनी गाडी आहे, एक मुलगा पाचवीत.

प्रश्न असा. २०२५ चं रिटर्न अजून भरलेलं नाही. नोकरी असेपर्यंत नवऱ्याचा टॅक्स नेहमीच्या पगाराच्या हिशोबाने कापला गेला, त्यामुळे यंदा साधारण ७,३०० डॉलर परत येतील. हे पैसे आमच्या हातात आलेलेच नाहीत, मग दिवाळखोरीत ते जातात का? की फाईल केल्यानंतर आले तर आमचेच राहतात? भेटीत हे विचारायचं राहून गेलं आणि आता रात्री झोप लागत नाही. मार्चचं भाडं त्यातूनच द्यायचं आहे.

---

कागदवाली (ह्यूस्टन)

मोगराताई, आधी एक सांगते: तुम्ही काही गैर करत नाही आहात. कायद्याने दिलेला मार्ग आहे आणि आजारपणाची बिलं हे त्यामागचं अगदी नेहमीचं कारण आहे. मी इथे दिवाळखोरीचं काम करणाऱ्या वकिलांकडे पॅरालीगल (वकिलांची सहाय्यक) आहे, रोज हीच कागदपत्रं भरते. वकील नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या वकिलांचा.

आता प्रश्न. ज्या दिवशी केस दाखल होते त्या दिवशी तुमचं जे जे काही आहे ते सगळं 'इस्टेट'मध्ये (ज्यातून देणी भागवायची त्या मालमत्तेत) जातं. यात हातातले पैसे येतात, तसंच तुम्हाला येणं असलेले पैसेही येतात. ऊस डिसेंबरात कारखान्याला गेला आणि बिल मार्चमध्ये यायचं असलं तरी ते येणं शेतकऱ्याचं डिसेंबरातच झालेलं असतं, तसंच हे. २०२५ चा पगार मिळून झाला, टॅक्स कापून झाला, जादा कापलेली रक्कम सरकारकडे तुमची पडून आहे. रिटर्न भरलं की नाही, चेक आला की नाही, याने फरक पडत नाही.

हे १९७४ साली सुप्रीम कोर्टाने कोकोश्का विरुद्ध बेलफर्ड या खटल्यात पक्कं केलं. रिफंड होता फक्त २५० डॉलरच्या आसपास. त्या माणसाचं म्हणणं होतं की हा माझ्या पगाराचाच भाग आहे, आणि पगारातून २५ टक्क्यांच्या वर जप्ती करता येत नाही, तेव्हा निदान बाकीचा मला ठेवू द्या. कोर्टाने मान्य केलं नाही. रिफंड म्हणजे दर आठवड्याला पोट भरणारा पगार नव्हे, ती मालमत्ता आहे, असं ठरलं.

म्हणून शेड्यूल ए/बी या फॉर्मवर २८ वी ओळ खास यासाठीच आहे: तुम्हाला येणं असलेले टॅक्स रिफंड. ती ओळ कोरी ठेवायची नाही. रक्कम नक्की माहीत नसेल तर अंदाज लिहायचा.

पण घाबरू नका. 'इस्टेटमध्ये जातं' म्हणजे 'गेलं' असं नाही. जे वाचवता येतं त्याची यादी वेगळी असते. ते सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

---

दख्खनी_वारा

ताई, एक सुचवतो. रिटर्न भरताना रिफंड परत न मागता 'पुढच्या वर्षीच्या टॅक्सला लावा' असा पर्याय असतो ना? तो निवडा. मग रिफंडच उरत नाही, ट्रस्टी (केसमधली मालमत्ता सांभाळायला नेमलेला माणूस) मागणार काय?

---

फ्रिमाँटचा_सीपीए

दख्खनी, हा सल्ला पुष्कळ लोक देतात, आणि तो धोक्याचा आहे. आमच्या नवव्या सर्किटने (पश्चिमेकडच्या राज्यांचं केंद्रीय अपील कोर्ट) २००७ मध्ये निकोल्स विरुद्ध बर्डसेल या खटल्यात नेमकं हेच हाताळलं. केस दाखल करण्याआधी नवरा-बायकोने रिफंड पुढच्या वर्षाला वळवला होता. कोर्ट म्हणालं, पुढचा टॅक्स भरण्यासाठी आगाऊ ठेवलेला पैसा हीसुद्धा मालमत्ताच, ट्रस्टीचा त्यावर हक्क आहे. सगळ्या सर्किटांत निकाल एकसारखे नाहीत, पण झोप उडालेल्या माणसाने असल्या वादात पडू नये. शिवाय पैसा आयआरएसकडे (इथल्या आयकर खात्याकडे) अडकतो आणि ट्रस्टी तेवढीच रक्कम तुमच्या खिशातून मागू शकतो. म्हणजे दुहेरी मार.

---

दख्खनी_वारा

बरं झालं सांगितलंत. मी चांगल्या हेतूनेच लिहिलं होतं. मोगराताई, माझा सल्ला बाजूला ठेवा.

---

कागदवाली (ह्यूस्टन)

आता वाचवण्याबद्दल.

प्रत्येक राज्याची आणि केंद्राची सवलतींची यादी असते. काही राज्यं फक्त स्वतःचीच यादी वापरायला लावतात, काही दोन्हींतून निवड करू देतात. न्यू जर्सी निवड करू देतं (टेक्सासही देतं), आणि न्यू जर्सीत लोक बहुतेक वेळा केंद्राची यादी घेतात, कारण तिच्यात 'वाइल्डकार्ड' आहे. वाइल्डकार्ड कोणत्याही मालमत्तेला लावता येतं: रोख रक्कम, गाडीची वरची किंमत, रिफंड, काहीही. १ एप्रिल २०२५ नंतरच्या केससाठी ते १,६७५ डॉलर आहे, आणि राहत्या घराची सवलत वापरली नसेल तर तिच्यातले आणखी १५,८०० पर्यंत. तुमचं स्वतःचं घर नाही, म्हणजे पूर्ण १७,४७५. आणि दोघं मिळून फाईल केलंत तर प्रत्येकाला वेगवेगळं.

म्हणजे ७,३०० चा रिफंड त्यात सहज बसायला हवा. पण एक अट, आणि ती मी प्रत्येक क्लायंटला दोनदा सांगते: सवलत आपोआप मिळत नाही. शेड्यूल सी (सवलतींचा फॉर्म) वर रिफंड लिहून, कोणत्या कलमाखाली वाचवताय ते लिहावं लागतं. ए/बी वर दाखवला आणि सी वर विसरला, तर ट्रस्टी तो मागू शकतो. वर्ष वेगळं, केंद्राचा आणि राज्याचा रिफंड वेगळा, असं स्वच्छ लिहून घ्या.

दुसरं, चालू वर्ष. १ एप्रिलला केस दाखल केलीत असं धरा. २०२५ चा रिफंड संपूर्ण इस्टेटमध्ये. २०२६ चाही काही भाग, कारण त्या वर्षाचे ९० दिवस केसच्या आधीचे. समजा २०२६ चाही रिफंड ७,३०० च झाला, तर दिवसाला २० डॉलर, ९० दिवसांचे १,८००. बरेच ट्रस्टी असाच दिवसांचा हिशोब करतात. तो भागही ए/बी आणि सी वर लिहायचा.

आणि ट्रस्टीला तुमचं सगळ्यात अलीकडचं रिटर्न ३४१ मीटिंगच्या (ट्रस्टी तुम्हाला प्रश्न विचारतो त्या बैठकीच्या) निदान ७ दिवस आधी द्यावंच लागतं, नाहीतर केस रद्द होऊ शकते. मीटिंग हल्ली बहुतेक ठिकाणी झूमवर असते. 'यंदा रिफंड येणार आहे का? मागच्या वर्षी किती आला होता?' हे शपथेवर विचारतात. उत्तर कागदाशी जुळलं पाहिजे.

---

मोगरा_एडिसन (न्यू जर्सी)

कागदवालीताई, किती आभार मानू. नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याचाही चेहरा जरा उतरायचा थांबला.

आणखी एक. ऑपरेशनच्या वेळी पुण्याहून धाकट्या दिरांनी आम्हाला पैसे पाठवले होते, साधारण ५,००० डॉलर. त्यांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. रिफंड आला की सगळ्यात आधी त्यांचे परत करायचे असं आम्ही ठरवलं होतं. बँकांचं काय व्हायचं ते होवो, घरच्या माणसाचे बुडवायचे नाहीत. हे केस दाखल करण्याआधी करून टाकलं तर चालेल ना?

---

कागदवाली (ह्यूस्टन)

ताई, थांबा. हे करू नका.

रिफंडपेक्षा हा मुद्दा मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. दिवाळखोरीच्या कायद्यात एकाच दर्जाचे सगळे देणेकरी (आपण ज्यांचे पैसे देणं लागतो ते) एका रांगेत. बँकेला किंवा हॉस्पिटलला केसच्या आधीच्या ९० दिवसांत दिलेले पैसे ट्रस्टी तपासतो, पण नातेवाईकांच्या बाबतीत तो पूर्ण एक वर्ष मागे जातो. दीर नातेवाईकच धरले जातात. कागदपत्रांमध्ये सरळ प्रश्न असतो: गेल्या एका वर्षात आतल्या माणसाचं (नातेवाईक वगैरे) कर्ज फेडलं का, कोणाचं, किती, कधी. तिथे खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहिलं की ट्रस्टी ते पैसे दिरांकडून परत मागू शकतो. ते भारतात आहेत म्हणून प्रत्यक्ष वसुली अवघड असेल, पण मग प्रश्न तुमच्यावर येतो: हे देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलं का? तसं ठरलं तर कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते. पाच हजारासाठी सगळी केस पणाला लागते.

आमच्याकडे येणाऱ्या देशी कुटुंबांत हे फार वेळा घडतं. मनातली तळमळ मला कळते. माणूस आधी सख्ख्यांचं देणं फेडतो, आपल्याला तेच शिकवलंय. पण वाट दुसरी आहे: दिरांचं नाव देणेकऱ्यांच्या यादीत लिहा, कर्जमाफी होऊ द्या, आणि त्यानंतर, तेव्हाच्या कमाईतून, स्वखुशीने त्यांना पैसे द्या. माफ झालेलं कर्ज आपल्या मनाने फेडायला कायदा कुणालाच आडवा येत नाही. दिरांना आजच फोन करून हे सांगा, लग्नाच्या हिशोबात त्यांनी ते पैसे धरले असतील तर त्यांना वेळेत कळायला हवं.

रिफंड केसच्या आधी हातात आला तर तो कशावर खर्च करता येतो? भाडं, किराणा, गाडीची दुरुस्ती, दाताचं राहिलेलं काम, मुलाचे कपडे, आणि वकिलांची फी (चॅप्टर ७ मध्ये ती सहसा आधीच द्यावी लागते). बरेच जण याचसाठी रिफंड हातात येऊन घरखर्चात लागेपर्यंत केस थांबवतात, पगारावर जप्ती आलेली नसेल तर. पावत्या एका पाकिटात ठेवा. सोनं, नवा टीव्ही, भारताची तिकिटं, यांतलं काही नको.

---

ओहायोतला_एक

मी चॅप्टर १३ (हप्त्यांनी परतफेड करायची दिवाळखोरी) मध्ये आहे, तिकडचा अनुभव लिहितो, कुणाच्या उपयोगी पडेल.

तेरामध्ये घर वाचवता येतं, पण तीन ते पाच वर्षं दर महिन्याला ट्रस्टीकडे पैसे भरायचे. आणि रिफंडचा प्रश्न एकदाच येत नाही, दर वर्षी येतो. परतफेडीच्या राष्ट्रीय नमुना प्लॅनमध्ये २.३ हे कलम त्याच्यासाठीच आहे, तीन चौकोन: रिफंड आम्ही ठेवू, रिटर्नची प्रत १४ दिवसांत देऊ आणि रिफंड सुपूर्द करू, किंवा आणखी काही वेगळं. माझा दुसरा चौकोन आहे. (काही कोर्टांचे स्वतःचे फॉर्म असतात, तिथे आकडे वेगळे.)

पहिल्या वर्षी रिफंड मोठा आला आणि सगळा गेला. मनाला लागतंच. वकिलांनी मग डब्ल्यू-४ (टॅक्स कपातीचा फॉर्म) नीट भरून ऑफिसात द्यायला सांगितलं, म्हणजे पगारातून गरजेपुरताच टॅक्स कापला जातो आणि तो पैसा महिन्याच्या महिन्याला हातात येतो. अर्थात तसं केल्यावर हातातला पगार वाढतो हे ट्रस्टीला कळवायचं. आणि उलट टोकाला जायचं नाही. एप्रिलमध्ये आयआरएसचं नवं देणं उभं राहिलं तर प्लॅन डळमळतो.

पुढच्या हिवाळ्यात घरातली हीटिंगची भट्टी बंद पडली. बाहेर उणे तापमान, घरात म्हातारी आई. तेव्हा वकिलांनी कोर्टात अर्ज केला की यंदाचा रिफंड या दुरुस्तीसाठी ठेवू द्या. सोबत दोन कंत्राटदारांचे अंदाज जोडले. मंजूर झाला. मुद्दा असा की आधी विचारायचं, मग खर्च करायचा. उलट केलं की निस्तरणं कठीण.

ओहायोच्या कायद्यात अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाईवाल्यांची करसवलत) आणि चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलांमागची करसवलत) वाचवण्याची वेगळी तरतूद आहे. आपापल्या राज्यात असं काही आहे का ते बघा, लहान मुलं असलेल्यांच्या रिफंडचा मोठा भाग तोच असतो.

---

सदाशिव_पेठ_४११०३०

परदेशातलं वाचून विचारतो, आपल्याकडे असं काही आहे का? माझ्या भाच्याची कार्डं आणि पर्सनल लोन फार झाली आहेत. पुण्यात असतो.

---

फ्रिमाँटचा_सीपीए

काका, २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी तिसरा भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. साध्या पगारदार माणसासाठी जुनेच कायदे: मुंबईत १९०९ चा, पुण्यासारख्या ठिकाणी १९२० चा. त्या वाटेने आज फारसं कुणी जात नाही. भाच्याने बँकेशी बोलून हप्ते फेरआखून घेणं हाच जवळचा उपाय. वेगळा धागा काढलात तर तिकडचे जाणकार लिहितील.

---

बे_एरियाची_सून

माझा छोटा प्रश्न. माझ्यावर २०२२ चा इन्कम टॅक्स बाकी आहे. रिफंड मी सवलतीत लिहिला तर वाचेल का?

---

फ्रिमाँटचा_सीपीए

बहुधा आयआरएस आधीच वळता करून घेईल. केस दाखल झाली की वसुली थांबते, पण केसच्या आधीच्या वर्षाचा इन्कम टॅक्स रिफंड केसच्या आधीच्या इन्कम टॅक्सच्या बाकीत वळवायला कायद्याने मुभा आहे. शेड्यूल सी वर लिहून त्याला आडकाठी होईल असं धरून चालू नका. वकिलांना पहिल्याच भेटीत बाकी सांगा.

---

मोगरा_एडिसन (न्यू जर्सी)

दिरांशी बोललो. ते म्हणाले, वहिनी, लग्नाचं आम्ही बघतो, तुम्ही आधी यातून बाहेर पडा. नवरा फोन ठेवून बराच वेळ बोलला नाही.

बोलता बोलता एक गोष्ट निघाली, ती इथे विचारते. चिंचवडला एक फ्लॅट आहे, नवरा आणि दीर दोघांच्या नावावर. भाड्याने दिलाय. भाडं आम्ही इथल्या रिटर्नमध्ये दाखवतो. भाडेकरू नवऱ्याच्या वाट्याच्या भाड्यातून टीडीएस कापतो आणि दर वर्षी तिथून थोडा रिफंड नवऱ्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं तिथलं खातं) येतो. हे भारतातलं आहे, ते इथे सांगायची गरज नाही ना? वकिलांनी 'घर आहे का' विचारलं तेव्हा आम्ही इथलं समजून नाही म्हटलं.

---

कागदवाली (ह्यूस्टन)

ताई, बरं झालं विचारलंत. उद्या सकाळीच वकिलांना फोन करा.

कायद्याचे शब्दच असे आहेत की मालमत्ता कुठेही असो, कुणाच्याही ताब्यात असो, ती इस्टेटमध्ये येते. चिंचवड त्यात आलं. एनआरओ खातं आलं. भारताच्या आयकर खात्याकडून येणारा रिफंडही आला, तो त्याच २८ व्या ओळीत जाईल. केस अजून दाखल झालेली नाही, त्यामुळे काहीही बिघडलेलं नाही.

फ्लॅटवर कर्ज आहे का? ते वजा जाता नवऱ्याचा अर्धा हिस्सा किती?

---

मोगरा_एडिसन (न्यू जर्सी)

कर्ज फिटत आलंय. हिस्सा साधारण ४० लाखांचा धरावा लागेल.

---

कागदवाली (ह्यूस्टन)

मग गणित बदलतं. मी वर लिहिलं ते भाड्याच्या घरात राहणाऱ्या, दुसरं काही नसलेल्या जोडप्याचं होतं.

४० लाख म्हणजे ४५ हजार डॉलरच्या आसपास. राहत्या घराची सवलत या फ्लॅटला लागणार नाही, कारण तुम्ही तिथे राहत नाही. उरतं वाइल्डकार्ड. पण फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, म्हणून त्याचंच १७,४७५ वापरता येईल, तुमचं नाही. तुमचं फक्त तुमच्या मालकीच्या वस्तूंना आणि रिफंडमधल्या तुमच्या वाट्याला. नवऱ्याचं वाइल्डकार्ड फ्लॅटला लावलं तर त्याच्या वाट्याचा रिफंड उघडा पडतो, आणि रिफंड मुख्यतः त्याच्या पगारातून कापलेल्या टॅक्सचा आहे. नवरा-बायकोच्या एकत्र रिटर्नमधला वाटा कसा पाडायचा याबद्दल कोर्टांची मतं वेगवेगळी आहेत: काही निम्मा धरतात, काही ज्याचा टॅक्स कापला त्याचा.

छोटा रिफंड ट्रस्टी कधी कधी सोडूनही देतो, कारण वाटण्यासारखं काही उरत नाही. पण फ्लॅटचा हिस्सा असलेल्या केसमध्ये तो काहीच सोडणार नाही.

वकिलांना हे विचारा. एक, कर्जं नेमकी कुणाच्या नावावर आहेत आणि दोघांनी फाईल करणं गरजेचं आहे का. दोन, चॅप्टर १३ बसतो का: तिथे फ्लॅट विकावा लागत नाही, पण चॅप्टर ७ मध्ये देणेकऱ्यांना जेवढं मिळालं असतं तेवढं तरी प्लॅनमधून द्यावं लागतं. त्यासाठी नियमित उत्पन्न हवं, म्हणजे नवऱ्याची नोकरी कुठे आहे त्यावर अवलंबून. तीन, हॉस्पिटलशी बोलणी करून दिवाळखोरी टाळता येते का. आणि फ्लॅटवरचं नाव दिरांच्या एकट्याच्या नावावर करण्याचा विचार कुणी सुचवला तर कृपया करू नका. ट्रस्टी दोन वर्षांपर्यंतचे असे व्यवहार उलटवू शकतो, आणि राज्याच्या कायद्याचा आधार घेऊन त्याहून मागेही जातो.

---

केळशीकर

ताई, आमच्या ओळखीच्या एका बाईंचं सांगतो. वकील न करता फॉर्म भरून देणाऱ्याकडून कागद करून घेतले. त्याने २८ वी ओळ कोरी सोडली. मीटिंगमध्ये ट्रस्टीने रिटर्न उघडलं, रिफंड समोरच होता. बाईंनी तो तोवर खर्चून टाकलेला. कर्जमाफी मिळाली, पण केस बंद झाली नाही. ट्रस्टीने रक्कम मागितली, हप्ते लावून दिली. न दिली असती तर मिळालेली माफीसुद्धा रद्द होऊ शकत होती. वकिलाची फी वाचवायला गेल्या, त्याहून जास्त गेले.

---

मोगरा_एडिसन (न्यू जर्सी)

वकिलांशी बोलणं झालं. फ्लॅटचं सांगितल्यावर ते रागावले नाहीत, म्हणाले आत्ता कळलं हे उत्तम. केस लगेच दाखल करणार नाही. नवऱ्याच्या दोन मुलाखती बाकी आहेत, नोकरी लागली तर १३ चा हिशोब करून बघणार. रिटर्न मात्र या आठवड्यातच भरायचं, रिफंडमधून भाडं, किराणा आणि त्यांची फी, पावत्या ठेवायच्या. हॉस्पिटलच्या आर्थिक मदतीचा अर्जही त्यांनीच काढून दिला.

फ्लॅटचं मूल्यांकन, कर्जाची बाकी आणि २६एएस (भारतात कापलेल्या टॅक्सचा तपशील) मागवून घ्यायला सांगितलंय. २६एएस नवऱ्याच्या लॉगिनवर मिळेल ना, की सीएला विचारू?

---

फ्रिमाँटचा_सीपीए

लॉगिनवरच मिळेल. आयकराच्या पोर्टलवर जाऊन उतरवून घ्या, सोबत एआयएसही (वार्षिक माहितीचं पत्रक) घ्या, त्यात भाडं आणि व्याज दोन्ही दिसतं. भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर, तेव्हा वकिलांना देताना दोन आर्थिक वर्षांचे द्या. ओटीपी भारतातल्या नंबरवर जात असेल तर दिरांना फोन करून बसा.